फेंगडा पाय आणि ओळंबा

या भागाचा ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. रोह्याहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून वाचा, पेण येईपर्यंत संपेल.

गेले काही महिने मी ऑफिसच्या कोडपेक्षा आजीचे एक्स-रे जास्त पाहिलेत. आजी एकाहत्तर वर्षांची. चौदाव्या वर्षी जांभळीवरून पडली आणि डावी मांडी मोडली. तेव्हा मुंबईला नेणं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गावातल्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या, पाला लावला, दीड-दोन महिने झोपवून ठेवलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हाडवैद्याला दोष द्यायचा नाही हं, त्याच्याकडे एक्स-रे नव्हता, आणि त्याने पाय वाचवला हे खरंच आहे. त्या पायावर आजीने पुढे पन्नास वर्षं भाताची लावणी केली, विहिरीचं पाणी ओढलं, पाच पोरं वाढवली. मग गुडघा आतल्या बाजूने झिजला आणि पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला. तिच्या चपलेची टाच बाहेरून अशी झिजायची की चांभार म्हणायचा, "आजी, तुम्ही फक्त अर्धीच चप्पल वापरता की काय!"

एका डॉक्टरांनी सांगितलं, इतक्या वाकड्या पायाचं आता काही होत नाही, गोळ्या घ्या आणि काठी वापरा. (नाव सांगणार नाही, आणि त्यात त्यांचाही फार दोष नसावा.) दुसऱ्यांनी सांगितलं, होतं, पण गुडघा बदलण्याआधी हाडाचा प्रश्न सोडवावा लागेल. मी बीटेक. मला कळेना, गुडघा बदलायचा तर मांडीच्या हाडाशी काय घेणंदेणं? तिथून हा भाग सुरू झाला.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे सगळे म्हणतात, "त्यांच्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्या." खरी वाटी, म्हणजे पुढे हाताला लागणारं ते गोल हाड, बहुतेक वेळा तिथेच असते, फार तर तिला आतून प्लॅस्टिकचा थर लावतात. बदलतात ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग. वर धातूचं आवरण, खाली धातूचं ताट, मधे प्लॅस्टिक. मोटारीचं बेअरिंग डोळ्यांसमोर आणा.

आता बेअरिंग कितीही महागातलं घ्या, शाफ्ट वाकडा असेल तर ते एका बाजूने खाऊन टाकतं. गुडघ्याचा सगळा इतिहास याच एका वाक्याभोवती फिरतो.

पाय सरळ आहे म्हणजे नक्की काय? गवंड्याला विचारा. तो ओळंबा सोडेल. माणसाच्या पायातही असा एक ओळंबा आहे. खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रातून घोट्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणली तर चांगल्या पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मधून जाते. गंमत म्हणजे मांडीचं हाड स्वतः या दोरीच्या रेषेत नसतं. खुब्याची मान बाजूला निघालेली असल्यामुळे ते तिरकं येतं, साधारण पाच ते सात अंशांनी. म्हणून हाडाकडे बघून पाय सरळ आहे की नाही हे ठरवता येत नाही, दोरीच बघावी लागते. ही रेषा योहान मिकुलिझ या सर्जनने १८७८ मध्ये मांडली. एक्स-रेचा शोध १८९५ चा. म्हणजे जिवंत माणसाचं हाड कुणी पाहूही शकत नव्हतं, त्याच्या सतरा वर्षं आधी या माणसाने हाडं मोजून रेषा आखली होती. आजही तिला त्याचंच नाव आहे.

दोरी आतून गेली की आतली बाजू झिजते, पाय फेंगडा होतो. बाहेरून गेली की गुडघे एकमेकांना घासतात. आपल्याकडे पहिला प्रकार जास्त दिसतो. उकिडवं बसणं, मांडी घालणं, चिखलात वाकून लावणी, पेणच्या कारखान्यांत गणपतीसमोर पाटावर तासन्‌तास बसणं, या सगळ्याचा गुडघ्यावर भार येतो, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. काहींचे पाय मुळातच थोडे फेंगडे असतात. त्याबद्दल पुढे बोलू.

वाकडं हाड सरळ करण्याचा प्रयत्न गुडघा बदलण्यापेक्षा जुना आहे. 'ऑर्थोपेडिक' हा शब्दच मुळात मुलांना सरळ करणं अशा अर्थाचा आहे. फ्रेंच डॉक्टर निकोला आंद्री याने १७४१ मध्ये तो बनवला, आणि त्याच्या पुस्तकातलं वाकडं झाड खांबाला दोरीने बांधलेलं ते चित्र आजही अस्थिरोग डॉक्टरांच्या संघटनांच्या बोधचिन्हात दिसतं. पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये गेलात तर भिंतीवर बघा.

खरी करवत-छिन्नी आली ती ग्लासगोमध्ये. तिथल्या गिरण्या-कारखान्यांच्या धुरात मुलांना ऊन मिळेना, मुडदूस झाला, आणि शेकडो मुलांचे पाय वाकले. विल्यम मॅकइवन हा सर्जन लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीत तयार झालेला. त्याने एक खास छिन्नी वापरून वाकलेल्या हाडात काप द्यायला सुरुवात केली. हाड तोडायचं, सरळ करायचं आणि निसर्गाला पुन्हा जुळवू द्यायचं. १८८० मध्ये त्याचं 'ऑस्टिओटॉमी' हे पुस्तक आलं. काप निर्जंतुक असेल तर हाड विश्वासाने जुळतं, हे त्याने दाखवून दिलं. सुताराची भाषा वापरायची तर पाचर काढायची आणि फट मिटवायची. वाकलेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला पाचरीएवढं हाड काढलं की उरलेलं सरळ होतं.

आता दुसरी गोष्ट, कृत्रिम गुडघ्याची. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने २० मे १८९० रोजी एका सतरा वर्षांच्या मुलीला हस्तिदंताचा गुडघा बसवला. हो, हस्तिदंताचा! बिजागरीसारखा. तिचा गुडघा क्षयाने गेला होता. कल्पना योग्य होती, पण रोगी चुकीचे निवडले गेले. क्षयाचा संसर्ग आत होताच, म्हणून असे सांधे टिकले नाहीत. त्यानंतर साठ वर्षं फारसं काही झालं नाही. १९५० च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या. पण गुडघा ही दाराची बिजागरी नाही. वाकताना तो थोडा फिरतो, थोडा घसरतो. बिजागरी ते करू देत नाही, मग तो ताण सिमेंटवर येतो आणि सांधा सैल होतो.

मग आले जॉन चार्नली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या रायटिंग्टन हॉस्पिटलात त्यांनी खुब्यासाठी धातू, टणक प्लॅस्टिक आणि हाडाचं सिमेंट असं त्रिकूट जमवलं. १९६२ पासून ते प्लॅस्टिक वापरायला लागले. त्यांच्याकडे शिकायला आला होता कॅनडातला फ्रँक गन्स्टन. तो डॉक्टर व्हायच्या आधी इंजिनिअर होता! त्याने १९६८ मध्ये गुडघ्यासाठी बिजागरी सोडून धातूच्या फिरत्या धावा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरल्या. आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे कुणीही ते पुढे नेऊ शकलं. ओपन सोर्स, १९६८ मध्ये. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून गहिवरून येतं.

गन्स्टनच्या पुढचं मोठं पाऊल न्यू यॉर्कचं. १९७४ मध्ये हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी इथे 'टोटल कंडायलर' गुडघा बसवला गेला, आणि आजचे बहुतेक गुडघे त्याचेच नातवंड-पणतू आहेत. तो बनवणारी माणसं तीन. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन रानावत. वॉकर इंजिनिअर. आणि रानावत आपल्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून अमेरिकेला गेलेले. तुमच्यातल्या काहींना, किंवा तुमच्या आईवडिलांना हे नाव नक्की आठवेल. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलला गेला, जून २००१ मध्ये उजवा, आणि दोन्ही वेळा मुख्य सर्जन रानावत होते. माझे बाबा सांगतात, त्या दिवसांत आमच्या आळीत सकाळच्या चहाबरोबर पंतप्रधानांचा गुडघा चघळला जायचा. गुडघा बदलता येतो, ही गोष्ट त्यांच्यापैकी अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

पण आपला विषय वाकड्या पायाचा. १९७० च्या दशकात कृत्रिम सांधा सुधारला, तरी तो बसवायचा कसा हा प्रश्न होताच. लंडनमध्ये मायकेल फ्रीमन आणि इंजिनिअर स्वॉनसन, न्यू यॉर्कमध्ये इन्सॉल आणि मंडळी, दोन्हीकडे जवळपास एकच उत्तर निघालं. हाड कापायचं ते दोरीच्या रेषेला काटकोनात, गुण्या लावल्यासारखं. मग गुडघा सरळ करून बघायचा आणि वाकवून बघायचा, दोन्ही वेळा वरच्या आणि खालच्या कापामधली फट चौकोनी यायला हवी. फट एका बाजूला अरुंद असेल तर त्या बाजूचे आवळलेले बंध, म्हणजे सांध्याच्या कडेचे पट्टे, हळूहळू सोडवायचे. फेंगडा पाय वर्षानुवर्षं तसाच राहिला की आतले पट्टे आखडतात आणि बाहेरचे ताणून सैल होतात. म्हणून फक्त हाड सरळ केलं की काम होत नाही, पट्टेसुद्धा सरळ करायचे असतात.

हे मला आधी माहीत नव्हतं, आणि त्यामुळे माझी छान फजिती झाली. आजीचा खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला एक्स-रे मी लॅपटॉपवर उघडला. मांडीच्या हाडात कोन मोजला, २१ अंश. वाक गुडघ्यापासून मांडीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश वर. मग गणित केलं. इथे थोडं लक्ष द्या, हे सोपं आहे. एक काडी घ्या आणि अगदी खालच्या टोकाजवळ मोडून वाकवा, वाकवलेला सगळा कोन खालच्या टोकाला दिसतो. तीच काडी अगदी वरच्या टोकाशी वाकवली, तर खालच्या टोकाला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणजे गुडघ्यावर पडणारा दोष हा वाकाच्या कोनाला गुडघ्यापासूनच्या अंतराने कमी करून मिळतो. अर्ध्यावर वाक असेल तर निम्मा. एक तृतीयांश वर असेल तर दोन तृतीयांश. २१ चे दोन तृतीयांश म्हणजे १४ अंश. गुडघ्याजवळचा वाक आणि खुब्याजवळचा वाक सारख्या कोनाचे असले तरी सारखे नाहीत, हे सर्जनांनी कागदावर आणि रोग्यांवर दोन्हीकडे तपासलेलं आहे.

मी मोठ्या रुबाबात डॉक्टरांना म्हटलं, "१४ अंश तिरका काप दिला की झालं ना?" त्यांनी माझं गणित बघितलं. म्हणाले, "गणित बरोबर आहे. आता सांगा, मांडीच्या हाडाचं खालचं टोक किती रुंद?" साधारण सत्तर मिलिमीटर. "मग १४ अंशाचा काप दिला तर एका बाजूला दुसऱ्यापेक्षा किती जास्त हाड जाईल?" मोबाइलवर काढलं, साडेसतरा मिलिमीटर. "आणि बाहेरचा पट्टा जिथे चिकटतो ती जागा सांध्यापासून साधारण अडीच सेंटीमीटर वर आहे. हाड बाहेरून जास्त कापावं लागणार, म्हणजे आपण त्या पट्ट्याच्या मुळाजवळ जाणार. तो सुटला तर गुडघा डुगडुगेल. मग आजी चालणार कशा?" मी गप्प.

म्हणून सर्जन लोकांनी एक अंदाज धरलेला आहे. मांडीच्या हाडातला वाक साधारण २० अंशांपर्यंत आणि नडगीतला साधारण ३० अंशांपर्यंत असेल तर सांध्याच्या आतल्या कापांनीच भागवता येतं. त्यापलीकडे हाड जिथे वाकलंय तिथेच सरळ करणं बरं. हा नियम पक्का नाही, गुडघ्यापासून अंतर बघून तो बदलतो. आजीचा २१ अंश बरोबर उंबरठ्यावर. मांडीच्या हाडाबाबत नडगीपेक्षा जास्त जपावं लागतं, त्याचं कारणही सुंदर आहे. नडगीचा काप गुडघा सरळ असताना आणि वाकलेला असताना, दोन्ही फटींवर सारखा परिणाम करतो. मांडीच्या खालच्या टोकाचा काप मात्र फक्त सरळ स्थितीतली फट बदलतो. म्हणजे सरळ असताना तोल साधला की वाकवताना बिघडतो.

आणखी एक अडचण. एरवी सर्जन मांडीच्या हाडाच्या पोकळ नळीत एक सळई घालतात आणि तिच्या आधाराने कापाची दिशा ठरवतात. हाड वाकडं असेल तर सळई आत जातच नाही, किंवा जाते आणि खोटी दिशा दाखवते. या ठिकाणी गोष्टीत आमच्या लोकांचा, म्हणजे संगणकवाल्यांचा, प्रवेश होतो. जानेवारी १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉमिनिक सारागालिया आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने पहिला गुडघा बसवला. मांडीला आणि नडगीला छोटे मार्कर लावतात, खोलीतला कॅमेरा त्यांच्यावर लक्ष ठेवतो. खुब्याचं केंद्र कसं शोधायचं, ते तर आत, कुणाला दिसत नाही? मग मांडी हळूहळू गोल फिरवायची. मार्कर ज्या गोलाच्या पृष्ठभागावरून फिरतो त्या गोलाचं केंद्र म्हणजे खुबा. कॉलेजात 'लीस्ट स्क्वेअर्स' शिकताना मी विचारलं होतं, याचा उपयोग काय? मिळालं उत्तर. सळई नको, दोरी थेट संगणकात काढली जाते. आत आधीची प्लेट किंवा रॉड असेल तरी चालतं.

महाराष्ट्रात याचं मोठं काम मुंबईत झालं. ब्रीच कँडीचे डॉ. अरुण मुल्लाजी आणि डॉ. गौतम शेट्टी यांनी अत्यंत वाकड्या गुडघ्यांवर संगणकाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केल्या, आणि सांध्याबाहेर हाड वाकलेल्या रोग्यांबद्दल २००९ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. मग २०१४ मध्ये त्यांचं एक आख्खं पुस्तक, गुडघा बदलताना वाकडेपणा दुरुस्त करण्याबद्दल. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत इतका वाकडेपणा कमी दिसतो. आपल्याकडे माणूस गुडघ्याला तेल चोळत, गोळ्या खात दहा-पंधरा वर्षं काढतो आणि मग येतो. त्यामुळे इथले सर्जन न मागता अनुभवी झाले. त्यांच्या युक्त्यांपैकी एक मला फार आवडली. आतल्या बाजूला नडगीच्या कडेचं जास्तीचं हाड छाटायचं, म्हणजे त्यावरून ताणलेला पट्टा आपोआप सैल पडतो. पट्टा कापावाच लागत नाही. त्यांच्या मोजमापाप्रमाणे साधारण दोन मिलिमीटर हाड छाटलं की एक अंश सुधारणा. आणखी एक, मांडीच्या हाडाचा आतला गोळा पट्ट्यासकट कापून थोडा खाली सरकवायचा आणि स्क्रूने बसवायचा. हेही हाड कापणंच, पण सांध्याच्या आत.

उपाय आता तीन झाले. सांध्याच्या आतच सगळं जमवणं. किंवा आधी हाड सरळ करून, जुळू देऊन, काही महिन्यांनी गुडघा बदलणं. किंवा दोन्ही एकाच बैठकीत. लांब पायांच्या विकृतींसाठी रशियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची तारा आणि कड्यांची रचना हा वेगळा रस्ता, आणि त्यात अकोल्याच्या डॉ. मिलिंद चौधरींचं नाव भारतभर घेतलं जातं. तरुण रोग्यात, सांधा अजून धडधाकट असेल तर, नुसतं हाड सरळ करून गुडघा वाचवण्यालाही आजही जागा आहे. अमेरिकेत मार्क कोव्हेंट्री यांनी १९६५ मध्ये नडगीच्या पाचरीचा लेख लिहिला तेव्हा तोच गुडघ्याचा मुख्य इलाज होता.

पैशाचंही बोलू, कारण आपण रायगडकर, आधी तेच विचारतो. १६ ऑगस्ट २०१७ ला केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा संच सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला, करांशिवाय. ही फक्त वस्तूची किंमत. हाड सरळ करायचं तर त्यात लांब दांडे आणि प्लेट वेगळ्या लागतात, बिल तिथून वाढतं.

एक मतभेद मात्र सांगायलाच हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल सरळ म्हणजेच चांगलं. २०१२ मध्ये बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी २५० निरोगी तरुणांचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत पाय तीन अंश किंवा जास्त फेंगडा निघाला, आणि त्यांना काहीही त्रास नव्हता. म्हणजे काहींचा ओळंबा मुळातच तिरका. मग सगळ्यांना एकाच सरळ रेषेत आणायचं की ज्याची त्याची रेषा जपायची, यावर सर्जन लोक आजही भांडतात. माझं मत विचाराल तर आजीच्या २१ अंशांबाबत हा वाद मला फार लांबचा वाटला. दोन-तीन अंशांची चैन करायला आधी बाकीचे घालवायला हवेत ना!

आमचा निर्णय काय झाला? डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले. दोन वेळा भूल की एकदा मोठी शस्त्रक्रिया. एकदाच केली तर जखम मोठी, रक्त जास्त, हाड न जुळण्याची भीती. दोनदा केली तर आधी हाड जुळण्याची वाट, मधले महिने अंथरूण, आणि वय आहे एकाहत्तर. घरात सगळे बोलत होते, आजी ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "अरे, दोनदा कशाला कापायचं? कोंबडीसुद्धा एकदाच कापतात." निर्णय झाला.

जुन्या मोडीच्या जागी पाचर काढली, हाड सरळ केलं, मांडीच्या आवरणाला लांब दांडा जोडून तो मोडीच्या पार नेला आणि बाजूने प्लेट लावली. जे काम गावातल्या कामट्यांनी चौदाव्या वर्षी अर्धं केलं होतं, ते सत्तावन्न वर्षांनी पूर्ण झालं. आठ आठवडे वॉकर. पहिल्या दोन आठवड्यांत आजीने आम्हा सगळ्यांना शिव्या दिल्या, मला जरा जास्त, कारण गणित मी केलं होतं. चौथ्या महिन्यात एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसलं.

दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघाली तेव्हा आजी दारात उभी होती. भिंतीला धरून, पण उभी. पालखी पुढे गेल्यावर मी तिचे पाय बघत बसलो होतो, ती ओरडली, "माझ्या पायाकडं काय बघतोस रे, महाराजांकडं बघ!"

एक तक्रार मात्र तिची राहिलीच आहे. तिला आता मांडी घालून बसता येत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ती ते विसरली, किंवा तिला ऐकायचं नव्हतं. हळदीकुंकवाला सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या की तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची येते, आणि ती वरून सगळ्यांकडे बघत म्हणते, "बघा, मी एकटी वर, तुम्ही सगळ्या खाली." आणि नंतर घरी येऊन मला म्हणते, "पुढच्या वेळी तो डॉक्टर भेटला की विचार, खाली बसायचं काही होत नाही का?"